गणपतीची गल्ली

काजूच्या टरफलांचा धूर मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की पद्मावतीला म्हातारपणी भट्टीचा उमाळा आला. लाकडाचा धूर डोळ्यांत जातो, चार टिपं काढतो आणि निघून जातो. टरफलांचा धूर तेलकट. तो कपड्यांत बसतो, केसांत बसतो, भिंतीवरच्या कॅलेंडरवरसुद्धा बसतो. डिचोलीहून लग्न होऊन मी कोरगावात आले तेव्हा सासूबाईंना विचारलं होतं, "ह्यांका दुसरे शर्ट नात?" त्या म्हणाल्या, "आसात मगे. वास तेवढो एकूच." माझे वडील शाळामास्तर. आमच्या घरी फार तर खडूची धूळ. मी काही दिवस नाक मुरडून हिंडले आणि मग मला तो वास येईनासा झाला. कारण उघड होतं, तो आता माझ्याच अंगाला येत होता.

आमचा काजूचा कारखाना तुयेच्या औद्योगिक वसाहतीत आहे. माझ्या नवऱ्याने, कृष्णनाथने, तो उभा केला. नवऱ्याचं नाव मी कागदावर लिहिते, तोंडाने घेत नाही. बिया वाफवायच्या, फोडायच्या, आतला गर गरम हवेवर सुकवायचा आणि मग त्याची तांबूस साल बोटांनी सोलायची, असं ते काम. साल सुटते ती गर कोरडा असेल तरच. हवेत ओल आली की ती अशी चिकटते की सोलणाऱ्या बाईची नखं दुखतात आणि गराचे तुकडे पडतात. म्हणून सोलणीचा हॉल सगळा पावसाळा उबदार ठेवावा लागतो. पणजीचा एक पाहुणा एकदा हसला होता, "गोव्यात कसली हो हॉल तापवायची गरज?" मी त्याला आषाढात सोलायला बसवायला तयार होते. तो आलाच नाही.

हॉलची एक लांब भिंत म्हणजे भट्टीची भिंत. तिकडे टरफलं जळायची आणि इकडे भिंत तापायची. त्या भिंतीलगतच्या पट्ट्यात इतकी ऊब असायची की कोणाला बसून काम करणं शक्य नव्हतं. पण रिकामी जागा बायका कधी रिकामी ठेवतात? आधी छत्र्या आल्या. मग पोरांचे शाळेचे गणवेश आले, मग कोणाची गादी, कोणाच्या भिजलेल्या मिरच्या. देवकीने तर एकदा नवऱ्याचे बूट आणून ठेवले होते. मी ओरडायचे. हे म्हणायचे, "रवूं दी गो. ऊब तशीय फुकटच वता."

एका वर्षी पावसाने उघडीपच दिली नाही. कोरगावचे बाबली, वाड्यावरचे सगळे गणपती करायचे ते, हातावर हात धरून बसले होते. चिकणमातीच्या ओल्या मूर्ती सुकेचनात आणि सुकल्याशिवाय रंग लागेना. हे आपणहून त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, "बाबलीदादा, कारखान्यांत हाडा. भट्टीकडले गल्लीत दवरूंया." तेव्हापासून दर पावसात ती गणपतीची गल्ली झाली. पुढे बाबली गेले आणि त्यांचा मुलगा दत्ताराम मूर्ती आणू लागला. कोणी कोणाकडे काही मागितलं नाही, कोणी कोणाचे आभार मानले नाहीत.

त्या महिन्याची मजा मी कशी सांगू? एकीकडे सोलणाऱ्या बायकांच्या रांगा आणि समोर करड्या मातीचे लहानमोठे गणपती, न रंगवलेले. डोळे सगळ्यांत शेवटी रंगवतात, त्यामुळे ते सगळे आंधळे. प्रत्येकीला आपल्या घरचा ठाऊक. "हो बघ आमचो, पोटार वळखता," असं देवकी रोज एकदा म्हणायची. रत्ना ही कोल्हापूर जिल्ह्यातली, चंदगडकडची. नवरा काशिनाथ इथेच बांधकामावर. तिनेही दत्तारामकडचा गणपती बसवायला सुरुवात केली होती. ती म्हणायची, "डोळे न्हाईत तवर बोलून घ्या बायांनो, मागनं लाज वाटती." मग सासवांची, नणंदांची, नवऱ्यांची अशी काही निंदा व्हायची की मी तोंडाला पदर लावून हसायचे. देवकी मध्येच आठवण द्यायची, "कान आसात पूण देवाक!" मग निंदा कुजबुजीत चालायची.

आणि हे रोज सकाळी येऊन आधी गल्लीत जायचे. एकाच बाजूने ऊब लागली तर मूर्ती तडकते, म्हणून प्रत्येक गणपती दोन्ही हातांनी धरून जरासा फिरवायचा. "देवाक कूस बदलून दिवंक जाय," म्हणायचे. माल कुठे अडकला, कोणाचा फोन आला, काही ऐकायचे नाहीत. मी मागून हिशोबाची वही घेऊन उभी आणि हे गणपतींशी बोलतायत. तेव्हा मला ह्यांचा राग यायचा. आज त्या रागाचीसुद्धा आठवण येते.

त्या धुराने ह्यांची छाती घेतली. एका रात्रीत नाही, हळूहळू. आधी जिना चढताना, मग बोलताना. म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की धुराच्या आसपास फिरकायचं नाही. कारखाना साईशने, आमच्या थोरल्याने, हातात घेतला. तो इंजिनिअर आहे आणि मेहनती आहे. हे घरी सोप्यावर बसू लागले. विक्री कशी आहे, माल कुठे गेला, कधी विचारलं नाही. पण आषाढ लागला की रोज संध्याकाळी मला एकच प्रश्न, "गणपती इले?"

गेल्या पावसात एक दिवस ऐकेचनात. साईशच्या गाडीत बसून आले. हॉलच्या दारापर्यंत पोचले, समोर गल्ली भरलेली दिसत होती, आणि तिथेच त्यांना असा ठसका लागला की कमरेत वाकले. उंबऱ्याच्या आत पाय टाकता आला नाही. रुमाल नाकावर दाबून ते दारातूनच बघत राहिले, पुन्हा खोकले, आणि साईशने त्यांना धरून परत नेलं. बायकांचे हात थांबले होते. त्या दिवशी मी ठरवलं की ही भट्टी जाणार. धुराच्या तक्रारी शेजारचेही करत होते, साईशलाही गॅस हवाच होता, पण ठरवलं ते मी. ह्यांना त्या गल्लीत, गणपतींच्या मध्ये, खोकल्याशिवाय बसवायचं. मला दुसरं काही नको होतं.

वसाहतीत गॅसची लाइन आली होती. साईशने बेळगावहून अविनाश नावाच्या माणसाला बोलावलं. मोठमोठ्या शेडमध्ये, हॉलमध्ये गॅसवर ऊब देणारी यंत्रं बसवायची हा त्याचा धंदा. मला वाटलं, येईल आणि सगळ्यांत मोठं यंत्र गळ्यात मारून जाईल. तर तो आला तो छपराकडे बघत राहिला.

"काकू, पहिलं हे छप्पर झाका की," तो म्हणाला. "ऊब वर जाते, पत्रा तापतो आणि बाहेर पाऊस पडतोय. पावसाला ऊब देऊन काय मिळणार तुम्हाला?"

मला तो माणूस तिथेच आवडला. आम्ही काय नको ते आधी ठरवलं. एकच मोठा बॉयलर नको, कारण अर्ध्या हॉलात काम असलं तरी तो सगळ्या हॉलासाठी जळणार. मग त्याने छताला टांगायच्या लालबुंद नळ्यांचा एक नमुना आणला. त्या हवा तापवत नाहीत, खाली जे असेल ते तापवतात. तो देवकीच्या डोक्यावर एक दिवस लावून बघितला. दुपारी ती उठून माझ्याकडे आली. "वयनी, म्हजी तकली भाजली आनी पांय थंड. हांव कितें, पापड?" तो नमुना त्याच संध्याकाळी खाली उतरला. शेवटी ठरलं ते असं, की भिंतीवर थोड्या थोड्या अंतरावर गरम हवेची लहान यंत्रं बसवायची. प्रत्येकाने आपल्यापुरता भाग सांभाळायचा, तो तापला की आपोआप मंद व्हायचं, आणि बाहेर जाणाऱ्या गरम वाफेतली ऊबही आधी काढून घ्यायची. म्हणजे वाया काही जायला नको.

पण किती मोठी यंत्रं, हा हिशोब साईशने आधीच करून ठेवला होता. गेल्या पावसात त्याने हॉलमध्ये जागोजाग ओल मोजणारी उपकरणं टांगली होती. त्या मोजणीवरून जी यंत्रं निघाली ती बघून अविनाश कपाळाला हात लावून बसला.

"एवढी ओल काजूची? शक्यच नाही हो. आणि हे बघा की. इथपर्यंत ओल भरपूर आणि ह्या दिवशी एकदम खाली. पाऊस थांबला होता काय?"

"नाही," साईश म्हणाला. "त्या दिवशी तर धो धो होता."

मी चहा घेऊन आले होते. लॅपटॉपवरची तारीख वाचली आणि हसू आवरेना. "चवथीचो आदलो दीस तो. गणपती आपापल्या घरांनी गेले मरे!"

"कुठले गणपती?" अविनाशने विचारलं.

आम्ही सांगितलं. तो चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसला. "म्हणजे साईशसाहेब, देवाच्या अंगातलं पाणी तुम्ही काजूच्या नावावर लिहिलंत!"

साईशचा चेहरा बघण्यासारखा झाला. लहानपणी ताप आला की तो त्याच गल्लीत पोत्यावर झोपायचा, मूर्तींच्या पायाशी. पावसातला हॉल म्हणजे त्यात गणपती असणारच, हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलेलं की मोजताना ते वेगळे काढायचे हे त्याला सुचलं नाही. मला खरं तर त्या चुकीने बरं वाटलं. पोरगा अजून आमचाच होता.

पण त्याने ती चूक लगेच सुधारली. गणपती वगळले आणि यंत्रं निम्म्यावर आली. दोघेही खूश झाले. नकाशात भट्टीच्या भिंतीलगतचा पट्टा त्यांनी कोरा ठेवला होता.

"हांगा कितें?" मी विचारलं.

"तिकडे काही नाही, आई. तिथे माल नसतो."

"गणपती आसतात."

"आई, जिथे माल नाही तिथे ऊब द्यायची नाही, ह्यासाठीच तर गॅस घेतोय. नाहीतर भट्टी काय वाईट होती?"

हे वाक्य त्याने माझ्यासमोर बोलायला नको होतं. मी कप खाली ठेवला. "तुज्या बापायक धूर नाका आनी गणपती जाय. दोनूय एकाच हॉलात जाय. यंत्र कितलें जळटा तें तूं बघ. हांव तेवढेंच बघतां." धूर नको आणि गणपती हवेत, ह्यापलीकडे मला काही ऐकायचं नव्हतं.

अविनाशने पेन्सिल घेतली आणि कोऱ्या पट्ट्यावर एक छोटा चौकोन काढला. "एक बारकं यंत्र वेगळं लावू. त्याचं बटण वेगळं. तो महिनाभर चालवा, मंद ठेवा, एरवी बंद. मातीला जोराची हवा चालत नाही, हळू लागते, होय की नाही काकू?" मी त्याला दुसरा चहा दिला.

वैशाखात भट्टी शेवटची पेटली. मी ठरवून गेले नव्हते, पण गेले. टरफलं संपत आली तसा धूर पातळ होत गेला. दुसऱ्या दिवशी चिमणीवर एक कावळा येऊन बसला. एवढ्या वर्षांत त्या चिमणीवर पाखरू बसलेलं मी बघितलं नव्हतं. बरं वाटायला हवं होतं. मी त्या कावळ्याला हाकललं.

नवी यंत्रं लागली. काय सांगू, सुरेख चालतात. हॉलमध्ये सगळीकडे सारखी ऊब, डोळे चुरचुरत नाहीत, बायकांच्या साड्यांना साबणाचा वास येतो. मी ह्यांना सांगितलं, "ह्या पावसांत तुमकां गल्लींत व्हरतां." त्यांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला आणि खुंटीला लावून ठेवला. आषाढ लागला. संध्याकाळी प्रश्न सुरू झाला. "गणपती इले?"

गणपती आले नव्हते.

मी वाट बघितली. आज येतील, उद्या येतील. गल्ली झाडून ठेवली होती, छोटं यंत्र मंद घुमत होतं आणि समोर मोकळी फरशी. शेवटी मी छत्री घेतली आणि दत्तारामच्या घरी गेले. बघते तर सोप्यावर मूर्ती, माजघरात मूर्ती, झोपायच्या खाटेवरसुद्धा मूर्ती. वर पिवळे बल्ब टांगलेले. मी एका मूर्तीला बोट लावलं तर बोट ओलं झालं.

"दत्ताराम, गल्ली रिकामी कित्याक?"

"भट्टी बंद जाली न्ही, वयनी."

"भट्टी बंद जाली, ऊब बंद जावंक ना. तुज्या गणपतींखातीर वेगळें यंत्र बसयलां."

"थंयच तर." तो हातातली माती पुसत उभा राहिला. "म्हज्या बापायन ऊब घेतली ती भट्टीचे भिंतींतल्यान वतच आसली. तुमी दिली ना, आमी मागली ना. ती घेवंक लज कसली? आतां तुमी म्हज्या नांवान बटण दाबतलीं. तें माका जावचें ना."

"ऊब ती ऊब! तिका कितें गोत्र आसता?"

"तुमचो मान आसा, वयनी. पूण ना."

त्याच्या बायकोने चहा आणि पावाचे उंडे आणून ठेवले. मी चहाला हात न लावता उठले. आमच्याकडे त्याचा अर्थ काय होतो हे तिला माहीत होतं, आणि मलाही.

वाटेत मला त्याचा राग आला होता, आणि जास्त राग ह्याचा, की तो बोलला ते मला कळलं होतं. भट्टी होती तेव्हा कारखान्यातून किती काय बाहेर जायचं. राख माडांच्या मुळांना, गरम पाणी बायकांच्या अंघोळीला, भिंतीची ऊब गणवेशांना आणि देवांना. उरलं म्हणून गेलं आणि उरलं म्हणून घेतलं. कोणी लहान झालं नाही की मोठं झालं नाही. मी आणि साईशने ठरवून काही उरू दिलं नाही. आता कोणाला काही द्यायचं तर मुद्दाम द्यावं लागणार, आणि मुद्दाम दिलेलं घ्यायला दत्तारामसारख्या माणसाचा हात पुढे येत नाही. मला रडू आलं, पाऊस होता म्हणून कोणाला दिसलं नाही.

संध्याकाळी प्रश्न आलाच. "गणपती इले?"

"येतले," मी म्हटलं. "दत्ताराम कामांत आसा."

"आतां धूर ना न्ही? मागीर फाल्यां व्हर माका."

"फाल्यां ना. हॉलांत रंगाचें काम चल्लां." उद्या का नको हे न कळून हे माझ्याकडे बघत राहिले. छाती गेली तरी ह्यांची नजर गेली नव्हती. मी आत जाऊन उगाच भांडी वाजवली.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये बायकांनी माझं तोंड बघून विचारलं आणि मी सगळं सांगितलं. ह्यांचं, शर्टाचं, दत्तारामचं. सोलता सोलता सगळ्या ऐकत होत्या. देवकीने हातातला गर खाली ठेवला.

"वयनी, पाट अजून कोणी दिवंक ना न्ही?"

आमच्याकडे गणपती असा नुसता आणत नाहीत. प्रत्येक घरचा एक पाट असतो, आजेसासऱ्यांच्या वेळचा. श्रावणात तो मूर्तिकाराकडे पोचवायचा. ओली मूर्ती त्या पाटावर चढवतात, पाटावरच ती सुकते, रंगते आणि पाटावरूनच घरी येते. आणि एकदा मांडलेला पाट रिकामा उचलत नाहीत. गणपती बसल्याशिवाय तो हलायचा नसतो. मूर्तिकारही हलवत नाही.

"तर मग," देवकी म्हणाली, "पाट हांगाच हाडूंया."

रत्नाला हे कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तिने टेबलावर थाप मारली. "म्हंजी त्यानं देव कुठं बी केला तरी हितंच आणून ठिवाय पायजे! झकास!"

दुसऱ्या सकाळी देवकी पावसात प्लास्टिक गुंडाळलेला पाट डोक्यावर घेऊन आली. मग एकेक करून सगळ्या. आपले आणलेच, शेजारपाजारच्या घरांतलेही मागून आणले. काशिनाथने ह्या वर्षी सुताराकडून नवा करून घेतलेला पाट रत्नाने दोन्ही हातांनी आणला, खाली ठेवून नमस्कार केला. मी घरी आमचा पाट काढला तेव्हा ह्यांनी बघितलं. दत्तारामकडे चालला असं त्यांना वाटलं. टॉवेलने स्वतः पुसला, कोपऱ्यातली जुनी हळद नखाने काढली आणि माझ्या हातात दिला. मी तो प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि कारखान्याची वाट धरली.

साईश येऊन बघतो तर गल्लीभर रिकामे पाट, ओळीने मांडलेले, आणि समोर बायका माना खाली घालून सोलतायत. "आई, हे काय?" मी म्हटलं, "तुज्या नकाशांत ना तें."

दत्ताराम आला तो घाबरून आला. श्रावण चालू आहे आणि घरी एकही पाट पोचला नाही, म्हणजे वाड्याने आपल्याला टाकलं की काय, असं त्याला वाटलेलं. दारातच त्याने छत्री मिटली, आणि त्याला पाट दिसले.

"हें कोणाचें काम?"

सोलण्याचा वेग एकदम वाढला.

तो गल्लीत शिरला. एकेका पाटाशी थांबत गेला. पाटावर नावं नव्हती, त्याला लागतही नव्हती. "हो देवकीचो, पांय मोडिल्लो. हो नायकांचो. हो...हो कोणाचो नवो?" रत्नाने मान वर केली. तो पुढे गेला. आमच्या पाटापाशी वाकला, हात लावला, आणि तसाच बराच वेळ राहिला. मी जवळ गेले.

"उखलून व्हर," मी म्हटलं. "तुजे घरांत ऊब आसा न्ही?"

"वयनी, मांडिल्लो पाट रितो उखलूंक सांगतात माका?"

"हांव कितेंच सांगना. हांव कोण सांगपी?"

त्याने तळहात यंत्राच्या हवेसमोर धरला. उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "वारें मोव आसा," हवा मऊ असल्याचं त्याने स्वतःशीच कबूल केलं. मग माझ्याकडे न बघता, "गॅसाचें बिल इल्यार माका दाखयनाकात."

"तुका कित्याक दाखयतली? देव आमचे. तूं फकत हाडपी."

तो हसला. दुपारी ताडपत्री घातलेला टेंपो दारात लागला. बायकांनी साखळी केली आणि हातोहात सगळे गणपती आत आले, ओले, थंडगार, जड. प्रत्येक आपल्या पाटावर चढला. हॉलात ओल्या मातीचा वास पसरला. साईश कोपऱ्यात उभा होता. तोही हळूच पुढे झाला आणि मूर्ती घ्यायला त्याने हात पुढे केले.

संध्याकाळी घरी मी पायरीवरूनच ओरडले, "इले!" ह्यांनी काही विचारलंच नव्हतं.

सकाळी आम्ही त्यांना नेलं. पांढरा शर्ट, नवा रुमाल. हॉलच्या दाराशी त्यांनी सवयीने रुमाल नाकावर धरला आणि ठसका यायची वाट बघत उभे राहिले. बायका हात थांबवून बघत होत्या. ठसका आला नाही. त्यांनी रुमाल खाली घेतला, जरा श्वास घेऊन बघितला, मग मोठा घेतला. आणि उंबरा ओलांडून आत आले.

गल्लीत देवकीने त्यांना स्टूल दिलं. दोन्ही बाजूंना गणपती आणि मध्ये हे. एका मूर्तीच्या सोंडेकडे बघायचे, दुसऱ्या मूर्तीच्या हाताकडे बघायचे. दत्ताराम येऊन त्यांच्या पायाशी उकिडवा बसला, दोघे काहीतरी पुटपुटले, आणि तो उठून गेला. बायका पुन्हा सोलू लागल्या, नणंदांचा विषय निघाला, रत्नाने कोणाची तरी नक्कल केली. हे ऐकत होते आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होते, पूर्वीसारखंच.

जेवणाची सुट्टी झाली. बायका डबे घेऊन बाहेर गेल्या. सुट्टीत यंत्रं बंद ठेवायची हा साईशचा नियम, आणि तो बरोबर आहे. त्याने एकेक बटण बंद केलं आणि गल्लीच्या बटणापाशी आला.

"बाबा, चला जेवायला. हे बंद करतो."

"रव रे," हे म्हणाले. "हांव अजून सुकूंक ना."

साईश हसला. ह्यांचा विनोद त्याला नेहमी कळतो. मग त्याने बापाच्या तोंडाकडे नीट बघितलं. गाल ओले होते, हनुवटी ओली होती, आणि ते पुसायचा काही प्रयत्न हे करत नव्हते. साईशने बटणावरचा हात काढला आणि मान खाली घालून बाहेर गेला. मी दुसरं स्टूल ओढलं आणि ह्यांच्या शेजारी जाऊन बसले.